काळं, खारट आणि मूत्रपिंड

पाच ओळी आणि सात रकाने. एवढाच होता तो एक्सेलचा तक्ता. तत्त्व, ऋतू, रंग, चव, अवयव, धान्य आणि शेवटी ‘काय खावं’. ओळी : लाकूड, अग्नी, पृथ्वी, धातू, पाणी. आहारविषयक एका ॲपवर मी काही महिने काम करत होतो. त्यात क्लायंटला ‘प्राचीन चिनी पंचतत्त्व आहार’ असं फीचर हवं होतं. वापरणाऱ्याने जन्मतारीख टाकायची, त्यावरून त्याचं तत्त्व ठरणार आणि तत्त्वावरून रोजचा नाश्ता. लाकडाचा माणूस असेल तर हिरवं आणि आंबट. पाण्याचा असेल तर काळं आणि खारट.

कोडच्या दृष्टीने हे काम दोन तासांचं. पण टेबल भरताना मी एक साधी गोष्ट तपासायला गेलो : लाकडाचं धान्य कोणतं? एका ठिकाणी गहू होता, दुसऱ्या ठिकाणी तांदूळ. मांसाचं बघितलं तर एकीकडे मेंढी, दुसरीकडे कोंबडी, तिसरीकडे गाय. एकाच ‘की’ला तीन व्हॅल्यू. यातली ‘ओरिजिनल’ कोणती, हे शोधायला म्हणून बसलो आणि पुढचे बरेच शनिवार-रविवार त्यात गेले. भाषांतरांतून आणि इतिहासकारांच्या पुस्तकांतून जे सापडलं ते इथे मांडतोय, कारण तो तक्ता तुमच्याही फोनवर कधी ना कधी आलेला असणार.

आधी नावाचा घोळ. चिनी शब्द आहे ‘वूशिंग’. (आपल्या शिंगाशी संबंध नाही.) ‘वू’ म्हणजे पाच आणि ‘शिंग’ म्हणजे चालणं, जाणं. ते अक्षर मुळात चौरस्त्याचं चित्र होतं. म्हणजे ही आपल्या पंचमहाभूतांसारखी वस्तू ज्यापासून बनते ती द्रव्यं नव्हेत, तर बदलाच्या पाच चाली आहेत. आपल्याकडे आकाश आणि वायू आहेत, त्यांच्याकडे ते नाहीत; त्यांच्याकडे लाकूड आणि धातू आहेत, आपल्याकडे ते नाहीत. चवींचा हिशेबही वेगळा. आयुर्वेदाचे रस सहा, चिनी चवी पाच. आपला तुरट त्यांच्या यादीत बसत नाही. तरीही दोन्हींची सरमिसळ करून बनवलेले तक्ते सर्रास फिरतात आणि त्यात ‘कटू’ म्हणजे कडू समजून पुढचा सगळाच हिशेब एक घर सरकलेला असतो. संस्कृतातलं कटू म्हणजे तिखट. कडू म्हणजे तिक्त. असो.

चवी तत्त्वांना चिकटल्या कशा, याचं सर्वांत जुनं उत्तर ‘शूजिंग’ या प्राचीन दस्तऐवज-संग्रहातल्या ‘होंगफान’ प्रकरणात आहे, आणि ते मला फार आवडलं, कारण त्यात गूढ काहीच नाही. पाणी खाली झिरपतं, त्यातून खारट येतं. आग वर जाते, त्यातून कडू येतं. करपलेलं काहीही चाखून बघा. लाकूड वाकतं आणि सरळ होतं, त्यातून आंबट. धातू आकार बदलतो, त्यातून तिखट. आणि मातीत पेरणी-कापणी होते, त्यातून गोड. भाताचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, हे कोणीही सांगेल. इथे यकृत नाही, मूत्रपिंड नाही, नाश्ता तर नाहीच. जग कसं वागतं याची कोणीतरी केलेली नोंद आहे.

अवयवांच्या आधी या तत्त्वांना चिकटलं ते राजकारण. इ.स.पू. तिसऱ्या शतकात त्सोउ येन नावाच्या विचारवंताने मांडलं की राजवंशही याच पाच चालींनी एकामागून एक येतात. जोउ घराणं अग्नीचं, मग त्याला विझवणारं पुढचं घराणं पाण्याचं असणार. इ.स.पू. २२१ मध्ये चीन एकत्र करणाऱ्या छिन सम्राटाने हे शब्दशः घेतलं. पाण्याचा रंग काळा, म्हणून दरबारी वस्त्रं आणि निशाणं काळी. पाण्याचा आकडा सहा, म्हणून टोपीची उंची सहा त्सुन, रथाला सहा घोडे. पीत नदीचंसुद्धा नाव बदलून ‘पाण्याचा सद्गुण’ अशा अर्थाचं ठेवलं. तक्त्यातला काळा रंग सत्तेच्या या कारभारातून गेलेला आहे. आज कोणी ‘काळे तीळ खा, पाणी-तत्त्व वाढेल’ म्हणालं की मला ते सहा घोडे आठवतात.

जेवण तक्त्यात आलं तेही सम्राटाच्या ताटातून. ‘युएलिंग’ नावाचं एक पंचांगवजा लेखन आहे. कोणत्या महिन्यात राजाने काय करावं याचे हुकूम. इ.स.पू. २३९ च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘ल्यूशी छुनछिऊ’ या ग्रंथात ते आहे आणि पुढे ‘लीजी’ या कन्फ्यूशियन अभिजात ग्रंथातही ते आलं. त्यानुसार सम्राट वसंतात गहू आणि मेंढीचं मांस खातो, उन्हाळ्यात घेवड्याच्या जातीचं कडधान्य आणि कोंबडी, वर्षाच्या मध्यबिंदूला राळा आणि गोमांस, शरदात भांगेच्या बिया आणि कुत्र्याचं मांस, हिवाळ्यात चिकट भरडधान्य आणि डुकराचं मांस. (भांगेचं बी तेव्हा रीतसर धान्य होतं; डोळे मिचकावू नका.) यात सम्राटाच्या तब्येतीचा विचार दुय्यम आहे. राजा ऋतूप्रमाणे वागला नाही तर अवकाळी पाऊस पडेल, पीक जाईल, अशी त्यामागची भीती. ताट हे राज्याचं वेळापत्रक होतं.

‘जोउली’ नावाच्या दुसऱ्या ग्रंथात राजवाड्यातल्या पदांची यादी आहे. तिथे चार प्रकारचे वैद्य येतात : आहारवैद्य, रोगवैद्य, जखमा-गळवांचे वैद्य आणि जनावरांचे वैद्य. पहिला क्रमांक आहारवैद्याचा, जागा दोन. त्यांनी बघायचं की धान्याचे पदार्थ वसंतासारखे कोमट असावेत, रस्से उन्हाळ्यासारखे गरम, चटण्या-सॉस शरदासारखे गार, पेयं हिवाळ्यासारखी थंड. वसंतात आंबट थोडं जास्त, उन्हाळ्यात कडू, शरदात तिखट, हिवाळ्यात खारट. आणि कशाबरोबर काय जातं याचीही यादी आहे. त्यात मेंढीबरोबर चिकट भरडधान्य आहे आणि गव्हाबरोबर हंस. युएलिंगमध्ये मेंढीबरोबर गहू होता. एकाच संस्कृतीचे दोन मान्यवर ग्रंथ एका ताटावरसुद्धा एकमत नाहीत.

इथपर्यंत मला वाटत होतं की धान्याचं ठीक आहे, प्रदेशाप्रमाणे बदलणारच. पण अवयव? तो रकाना तरी पक्का असेल?

युएलिंगमध्ये प्रत्येक ऋतूत बळीच्या जनावराचा कोणता अवयव आधी अर्पण करायचा हे दिलंय. वसंतात प्लीहा, उन्हाळ्यात फुप्फुस, मध्यावर हृदय, शरदात यकृत, हिवाळ्यात मूत्रपिंड. वैद्यांच्या तक्त्यात मात्र वसंताचं म्हणजे लाकडाचं यकृत, अग्नीचं हृदय, पृथ्वीची प्लीहा, धातूचं फुप्फुस, पाण्याचं मूत्रपिंड. जुळतो फक्त शेवटचा. दुसऱ्या शतकात यावर खरोखर वाद झाला. शू शेन, ज्याने चिनी अक्षरांचा पहिला मोठा कोश केला तो, यज्ञाच्या क्रमाच्या बाजूने होता. चंग श्वेन (१२७–२००), त्या काळचा सर्वांत मोठा भाष्यकार, विरोधात. त्याचं म्हणणं असं, की यज्ञातला क्रम जनावराच्या शरीरात अवयव कुठे असतात त्यावरून आलाय. वर असलेलं फुप्फुस उन्हाळ्याकडे, मागे-खाली असलेलं मूत्रपिंड हिवाळ्याकडे. त्याचा उपचाराशी संबंध नाही. वैद्य त्यांच्या क्रमाने औषध देतात तेव्हा रोगी बरा होतो. क्रम उलटा केला तर रोगी मेला नाही तरी त्याची अवस्था बिकट होईल.

हे वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ बसलो होतो. अठराशे वर्षांपूर्वीचा एक पंडित, स्वतः वैद्य नसलेला, सांगतोय की ग्रंथात लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, रोगी बरा होतो का ते बघा. त्याचा तक्ताही आजच्या अर्थाने बरोबर नाही. पण त्याने कसोटी कुठे लावली ते महत्त्वाचं.

मला हे जास्त लागलं त्याला कारण आहे. माझ्या मामांची मूत्रपिंडं तीन वर्षांपासून नीट काम करत नाहीत. सोलापूरचा माणूस, शेंगदाण्याची चटणी आणि लोणच्याशिवाय ज्याचा घास उतरत नसे, तो आता मोजलेल्या मिठावर आहे. मामी भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकडते आणि ते पाणी टाकून देते, पोटॅशियम कमी व्हावं म्हणून. आणि माझ्या स्क्रीनवर ओळ होती : पाणी – काळा – खारट – मूत्रपिंड. ‘काय खावं’मध्ये समुद्री शेवाळ, सोया सॉस, काळे तीळ, काळा घेवडा. मामांना ज्याची मोजदाद करून दिली जाते किंवा जे अजिबात दिलं जात नाही, ते नेमकं या यादीत. ते ॲप मामांनी उघडलं असतं तर ‘मूत्रपिंडासाठी उत्तम’ असं हिरव्या अक्षरांत त्यांना दिसलं असतं.

म्हणून मी मूळ वैद्यकग्रंथात गेलो. ‘हुआंगदी नेइजिंग’, साधारण इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आसपास आकाराला आलेला. त्याचे दोन भाग : सूवन आणि लिंगशू. सूवनचा आज मिळणारा पाठ ७६२ साली वांग बिंगने लावलेल्या प्रतीवरून येतो. सूवनच्या २२व्या प्रकरणात आहाराचं जे प्रसिद्ध सूत्र आहे ते अगदी शहाणपणाचं आहे : औषधं रोगावर हल्ला करतात, पण धान्यं पोषण करतात, फळं मदत करतात, मांस भर घालतं, भाज्या पूर्णता आणतात. आणि त्याच प्रकरणात अवयवांची यादी आहे. तिथे यकृताला काय द्यायचं? आंबट? नाही. गोड. तांदूळ, गोमांस, चिनी बोर, अंबाडीच्या कुळातली एक पालेभाजी. कारण यकृताचा त्रास आखडण्याचा, आणि गोड सैल करतं. मूत्रपिंडाला काय द्यायचं? तिखट वर्गातलं : पिवळं भरडधान्य, कोंबडी, पीच, पातीचा कांदा. खारट नव्हे!

म्हणजे ‘या अवयवाची चव अमुक’ आणि ‘हा अवयव बिघडला तर अमुक चव द्या’ ही दोन वेगळी विधानं आहेत. फोनवरच्या तक्त्याने पहिलं विधान उचललं आणि दुसऱ्याच्या जागी बसवलं. आमच्या भाषेत, जो रकाना वर्णनाचा होता तो आज्ञेचा म्हणून वाचला.

पण थांबा, इतकं सोपंही नाही. लिंगशूच्या ५६व्या प्रकरणात मूत्रपिंडाच्या रोग्याला मोड आलेलं सोयाबीन, डुकराचं मांस, चेस्टनट असं खारट वर्गातलं खायला सांगितलंय. आणि त्याच प्रकरणाच्या शेवटी पुन्हा तिखटाची यादी येते. एकाच प्रकरणात दोन्ही! मधे निषेधांचीही यादी आहे, कोणत्या रोगात कोणती चव बंद. तिथे एक तत्त्व दुसऱ्याला आवरतं हा नियम लावलाय, पृथ्वी पाण्याला अडवते म्हणून मूत्रपिंडाच्या रोग्याला गोड बंद. सूवनमध्ये दुसरीकडे असा इशाराही आहे की खारट फार खाल्लं तर रक्तवाहिन्यांतला प्रवाह घट्ट होतो, वर्ण बदलतो. हे अनेक हातांनी, अनेक पिढ्यांत, वेगवेगळ्या मतांच्या वैद्यांनी एकत्र केलेलं गाठोडं आहे. त्यात वाद जपून ठेवलेत. तक्त्यात वाद राहत नाही. तक्त्याला एका चौकटीत एकच शब्द लागतो.

यातली कोणतीही यादी मामांना लावायची नाही, हे उघड आहे. त्यांना सोडियम, पोटॅशियम आणि फॉस्फरस मोजणारा डॉक्टर लागतो आणि तो त्यांना आहे. ॲपमध्ये मी एक अट टाकली : मूत्रपिंड, रक्तदाब किंवा मधुमेह यांपैकी काही नोंदवलेलं असेल तर हे फीचर दिसूच नये. कारण कोडच्या कमेंटमध्ये चार ओळींत लिहिलं. क्लायंटबरोबर दोन मीटिंगा झाल्या. जन्मतारखेचा मुद्दाही मी मांडला : तत्त्वं जन्मवेळेवरून काढणं हा भविष्यवाल्यांचा उद्योग आहे, सूवनच्या या आहारप्रकरणात वैद्य कोणाची जन्मतारीख विचारत नाही. अट राहिली, जन्मतारीखही राहिली. लोकांना ती टाकायला आवडते म्हणे.

मग चिनी आहारवैद्यक सगळंच खोटं का? इथे मला इतिहास जास्त रंजक वाटतो. सातव्या शतकातला सुन सीम्याओ (मृत्यू ६८२) म्हणायचा की वैद्याने आधी अन्नाने उपचार करावा, ते जमलं नाही तरच औषधाकडे वळावं; त्याच्या मोठ्या ग्रंथाचा २६वा खंड आहारावरच आहे. तो गलगंडावर समुद्री शेवाळ आणि मेंढीची थायरॉइड ग्रंथी द्यायचा. शेवाळाचा उपाय त्याच्याही आधी, चौथ्या शतकातल्या गे होंगकडे आहे. आयोडीनचा शोध लागायला १८११ साल उजाडावं लागलं, पण उपाय चालत होता. आता तक्त्यात शोधा : शेवाळ खारट, खारट म्हणजे पाणी, पाणी म्हणजे मूत्रपिंड. गळ्याचा कुठे संबंध? हे ज्ञान तक्त्यातून निघालेलं नाही, तक्त्याला न जुमानता टिकलंय.

उलट उदाहरणही आहे. तक्त्यात यकृताचं द्वार डोळे. तांग काळातले ग्रंथ दृष्टी मंद झाली की मेंढीचं यकृत खायला सांगतात. आणि यकृतात अ जीवनसत्त्व भरपूर, त्याच्या अभावानेच रातांधळेपणा येतो. वा! तक्ता जिंकला! पण रातांधळेपणावर यकृत हा उपाय प्राचीन इजिप्त आणि ग्रीसमध्येही होता, आणि तिथे वूशिंगचं नावही कोणाला माहीत नव्हतं. लोकांनी आधी पाहिलं असावं आणि मग ते त्या चौकटीत नीट बसलं. बसलं म्हणून लक्षात राहिलं.

जे बसत नाही त्याचं काय होतं, तेही बघायला मिळतं. मिरची. आपल्याकडे ती पोर्तुगिजांबरोबर गोव्याला उतरली. चीनमध्ये तिचा पहिला स्पष्ट उल्लेख १५९१ च्या गाओ ल्येनच्या पुस्तकात आहे, आणि तो फुलझाडांमध्ये! पांढरी फुलं, झिजलेल्या कुंचल्याच्या टोकासारखं फळ, चव झणझणीत, रंग लाल, दिसायला छान, अशा अर्थाची नोंद. ली शिजनच्या १५९६ साली छापलेल्या महाकोशात १,८९२ नोंदी आहेत, त्यात मिरची नाही. तक्त्याप्रमाणे लाल म्हणजे अग्नी, म्हणजे हृदय. तिखट म्हणजे धातू, म्हणजे फुप्फुस. आणि अग्नी धातूला वितळवतो. ॲपमध्ये मिरची कोणत्या ओळीत टाकायची? क्लायंटच्या तक्त्यात ती लाल म्हणून हृदयाखाली होती, टोमॅटोशेजारी.

विसाव्या शतकात चिनी विचारवंतांनीच या चौकटीवर हल्ला चढवला. ल्यांग छीचाओने १९२३ मध्ये यिन-यांग आणि पंचतत्त्वांना दोन हजार वर्षांच्या अंधश्रद्धेचा बालेकिल्ला म्हटलं. १९२९ मध्ये सरकारी आरोग्य समितीपुढे जुनं वैद्यक बंद करण्याचा ठराव आला. १७ मार्चला शांघायमध्ये वैद्य जमले, दुकानं बंद झाली, ठराव बारगळला. १९५६ साली बीजिंग, शांघाय, ग्वांगचोउ आणि चंगदू इथे पारंपरिक वैद्यकाची महाविद्यालयं निघाली. महाविद्यालय आलं की पाठ्यपुस्तक येतं, परीक्षा येते, आणि परीक्षेला सुबक तक्ता लागतो. ज्याने बारावीला बायोलॉजी केलंय त्याला वेगळं सांगायला नको.

घराघरांत मात्र पाचचा हिशेब क्वचितच चालत असे. तिथे चालतो तो उष्ण-थंडचा. खेकडा थंड, म्हणून त्याबरोबर आलं. लिची उष्ण, बेताने खा. उन्हाळ्यात मुगाचं गार सूप, कारलं. ज्यांच्या घरी ‘पपई उष्ण असते’ आणि ‘सब्जा थंड असतो’ हे आजीकडून ऐकलेलं आहे त्यांना ही भाषा शिकावी लागणार नाही.

हा बदल एका पुस्तकात फार स्पष्ट दिसतो. १३३० साली मंगोल दरबाराचा आहारवैद्य हू सीहुई याने ‘यिनशान जंगयाओ’ लिहिलं. त्यात वसंतात गहू, उन्हाळ्यात कडधान्य, शरदात भांगेचं बी, हिवाळ्यात भरडधान्य. हो, दीड हजार वर्षांपूर्वीच्या युएलिंगची तीच यादी. पण कारण बदललंय. वसंत ऊबदार म्हणून थंड गुणाचा गहू. उन्हाळा तापलेला म्हणून गार करणारं कडधान्य. शरद कोरडा म्हणून ओलावा देणारं भांगेचं बी. हिवाळा गारठ्याचा म्हणून उष्ण भरडधान्य. जुन्या हुकुमात राजाने ऋतूशी जुळवून घ्यायचं होतं, इथे शरीराला ऋतूपासून सांभाळायचंय. डेटा तोच, लॉजिक नवं.

आणि त्याच पुस्तकात ‘बारबू’ की ‘बालबू’ अशा काहीतरी उच्चाराच्या एका रश्शाची कृती आहे. खाली लिहिलंय की हे पश्चिमेकडच्या स्वर्गातलं, म्हणजे भारतातलं जेवण. मेंढीचं मांस, सोलून भरडलेले हरभरे आणि मुळा घालून रस्सा काढायचा. मग मांस आणि मुळ्याचे फाशाएवढे तुकडे. त्यात केशर, हळद, मिरी, अर्धा छिएन हिंग, कोथिंबीर, थोडं मीठ. सुवासिक तांदळाच्या भाताबरोबर खायचा, वरून जरासं व्हिनेगर. हा रस्सा कोणत्या तत्त्वाचा ते हू सीहुई सांगत नाही. पोटाला बळ देतो, वायू खाली आणतो आणि छाती मोकळी करतो, एवढंच लिहितो. हरभऱ्यात हिंग का घालायचा याचं माझी आई हेच कारण देते.